चिपळूणचे फोटो, पुण्यातली डिस्क

प्रश्न: चिपळूणला माझा फोटो स्टुडिओ आहे. जुलै २०२१च्या पुरात एक हार्ड डिस्क गेली. आता उरलेले २ टीबी फोटो बाहेरगावी सुरक्षित ठेवायचेत, पण अपलोडचा वेग जेमतेम ४ एमबीपीएस. काय करू?

उत्तर: दादा, या वेगानं २ टीबी जायला अखंड ४६ दिवस लागतील, आणि कोकणात पावसाळ्यात वीज एवढी टिकत नाही. म्हणून पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवूच नका. घरीच नव्या डिस्कवर उतरवा, एन्क्रिप्ट करा (म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला उघडता येणार नाही) आणि एसटीनं पुण्याच्या नातेवाइकांकडे न्या. आजोबांच्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं मी अशीच बहिणीकडे नाशिकला पोचवली.

तिकडे ती डिस्क जोडायला जुना संगणक चालेल. दोन्हीकडे सिंकथिंग बसवा, म्हणजे दोन संगणकांतले फोल्डर इंटरनेटवरून सारखे ठेवणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे. डिस्कवर आधीच असलेल्या फायली ते ओळखतं, फक्त नव्या पाठवतं, लाइन तुटली तर राहिलेलंच पुढे नेतं. रात्री सात तासांत साधारण १२ जीबी जातात. ६० जीबीचं लग्न पाच रात्रींत पोचेल. एक मात्र विसरू नका: पुण्याच्या बाजूला जुन्या आवृत्त्या राखण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर इथे चुकून पुसलेला फोटो तिथूनही जाईल. महिन्यातून एकदा तिकडचे चार-पाच फोटो उघडून बघा.