विजेची गाडी आणि घरचा प्लग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विजेच्या गाड्यांविषयी या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये गाडीबद्दल कमी आणि तिच्या चार्जिंगबद्दल अधिक विचारलेले आहे. ते योग्यच आहे. पेट्रोलची गाडी घेताना पंप कुठे आहे याचा विचार कोणी करत नाही; विजेची गाडी घेताना मात्र ती रात्री कुठे उभी राहणार, हा पहिला प्रश्न असायला हवा. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या मेव्हण्यांनी हायब्रिड गाडी घेतली आहे. ती कधीकधी इंजिन बंद ठेवून विजेवर चालते, पण तिला प्लग कुठेच नाही. मग तिला विजेची गाडी म्हणायचे की नाही? (वाचक, नाशिक)

म्हणायचे नाही, असे माझे मत आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या ग्रँड व्हिटारा किंवा इनोव्हा हायक्रॉस यांसारख्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत बॅटरी असते, परंतु त्या बॅटरीत जाणारी सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते; एक तर इंजिन ती तयार करते, किंवा ब्रेक लावताना वाया जाणारी गती मोटर परत विजेत बदलते. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड आवृत्तीतील बॅटरी जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. तेवढ्या विजेवर गाडी वाहतुकीच्या कोंडीत शांतपणे सरकते आणि पेट्रोल वाचवते, ही चांगलीच गोष्ट आहे, पण ती पेट्रोलचीच गाडी.

प्लग-इन म्हणजे बाहेरची वीज भरता येणारी गाडी. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त बॅटरी आणि मोटर असते. दुसऱ्यात, म्हणजे प्लग-इन हायब्रिडमध्ये, रोजच्या जाण्यायेण्यापुरती मोठी बॅटरी आणि लांबच्या प्रवासासाठी इंजिन, असे दोन्ही असते. अमेरिकेत २०१० च्या अखेरीस आलेली शेव्हरोले व्होल्ट हे त्याचे गाजलेले उदाहरण. भारतात हा दुसरा प्रकार काही महागड्या गाड्यांपुरताच दिसतो, त्यामुळे पुढील उत्तरांत केवळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचाच विचार केला आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयाच्या वाहनतळावर २२ किलोवॉटचा चार्जर बसवला आहे. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर माझ्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ तिथेही लागतो. चार्जर सदोष आहे का? (वाचक, कोथरूड, पुणे)

चार्जर बहुधा उत्तम आहे. गोंधळ शब्दामुळे होतो. भिंतीवर किंवा खांबावर बसवलेल्या ज्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, ती पेटी प्रत्यक्षात चार्जर नसतेच. घरातील वीज एसी, म्हणजे दिशा सतत बदलत वाहणारी, असते आणि बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, लागते. हे रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात बसवलेला असतो, म्हणून त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. भिंतीवरची पेटी ही सुरक्षित, हुशार स्विच असलेली वीजजोडणी आहे, एवढेच. ती ‘मी इतके अँपिअर देऊ शकते’ असे गाडीला कळवते आणि गाडी स्वतःला झेपेल तेवढेच घेते.

आता आकडे पाहू. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टवर साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. २२ किलोवॉटच्या पेटीत तीन फेज असतात आणि प्रत्येक फेजवर ३२ अँपिअर मिळू शकतात. परंतु सुरुवातीच्या अनेक भारतीय गाड्यांमधील ऑनबोर्ड चार्जर एकाच फेजवर चालणारा, ३.३ किलोवॉटचा होता. अशी गाडी २२ किलोवॉटच्या पेटीतूनही ३.३ किलोवॉटच घेणार. नव्या गाड्यांत ७.२ किंवा ११ किलोवॉटचे ऑनबोर्ड चार्जर मिळतात. पैकी ११ किलोवॉटच्या चार्जरला थ्री-फेज जोडणी लागते, हे विक्रेत्याने सांगितले नाही तरी लक्षात ठेवावे.

महामार्गावरील डीसी चार्जरची गोष्ट निराळी. तिथे रूपांतर बाहेरच्या मोठ्या कपाटात होते आणि वीज ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत जाते. गाडीचे सॉकेट नीट पाहिले तर हा फरक डोळ्यांना दिसतो : वरच्या गोल भागात सात छिद्रे एसीसाठी, आणि त्याखाली अंगठ्याएवढी दोन जाड छिद्रे डीसीसाठी.

‘किती वेळ लागेल’ याचा हिशेब मात्र सोपा आहे. बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत, म्हणजे आपल्या वीजबिलावरच्या युनिटमध्येच सांगतात. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. रूपांतरात आणि उष्णतेत साधारण दहा टक्के वीज खर्ची पडते, म्हणून भिंतीतून ३३ ते ३४ युनिट घ्यावे लागतात, ३.३ किलोवॉटने ते घ्यायला दहा तास. पण रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रोज दहा तास लावण्याचे कारणच नाही. तिला सहा-सात युनिट हवेत, म्हणजे दोन तास पुरतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीत पार्किंगजवळ एक साधा सॉकेट आहे. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज केली तर चालेल का? (वाचक, ठाणे)

चालणार नाही. आमच्या इमारतीत एका रहिवाशाने हाच प्रयोग केला होता. रात्रभर चार्जिंग लावून सकाळी तो खाली आला, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्डच्या एका कोपऱ्यातले प्लास्टिक मेणासारखे ओघळले होते आणि प्लगची एक पिन तपकिरी पडली होती. आग लागली नाही, हे केवळ नशीब.

कारण समजून घ्यावे. गीझरही तेवढीच वीज खेचतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तोच १५ अँपिअरचा प्रवाह सलग आठ-दहा तास खेचते. सॉकेटमधला स्क्रू किंचित सैल असेल, वायर बारीक असेल, तर गीझरच्या वेळी जाणवणारही नाही इतकी उष्णता रात्रभर साचत राहते. म्हणून मीटरपासून थेट वेगळी, पुरेशा जाडीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच), गळती ओळखणारा आरसीसीबी आणि खात्रीचे अर्थिंग, या गोष्टींत काटकसर करू नये. अर्थिंग नीट नसेल तर बहुतेक गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत. लोक गाडीला दोष देतात, दोष भिंतीत असतो. गाडीसोबत आलेल्या केबलच्या मध्ये जो जड डबा असतो तो सॉकेटवर लोंबकळत ठेवू नका, भिंतीत एक हूक ठोकून त्यावर टेकवा. त्याच्या वजनाने प्लग रोज थोडा थोडा सैल होत जातो.

सोसायटीकडे जाण्यापूर्वी आपले वीजबिल काढून त्यावरचा ‘मंजूर भार’, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट वापरायला मंजुरी आहे तो आकडा, पाहा. तो तीन किलोवॉट असेल आणि रात्री खोली थंड करणारा एअर कंडिशनरही चालत असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज आधी करावा. स्वतःच्या गाडीसाठी घरच्याच जोडणीतून वीज वापरायला केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. कार्यकारिणीशी बोलताना हा मुद्दा आणि परवानाधारक वायरमनने काढून दिलेला वायरिंगचा आराखडा, दोन्ही हाताशी ठेवावेत. माझा अनुभव असा की कार्यकारिणीचा विरोध बहुतेकदा विजेला नसतो. ‘सामाईक मीटरवर याची गाडी चार्ज होणार’ या शंकेला असतो.

प्रश्न : गाडीमुळे बिल किती वाढेल? विक्रेता सरासरी दराने हिशेब करून दाखवतो. (वाचक, नागपूर)

तो हिशेब अपुरा आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटनंतर टप्पे बदलतात आणि प्रत्येक पुढचा टप्पा महाग असतो. घरचा वापर महिन्याला १८० युनिट असेल आणि गाडी १,००० किलोमीटर चालून १५० युनिट घेत असेल, तर गाडीचे पहिले १२० युनिट दुसऱ्या टप्प्याने आणि उरलेले ३० युनिट तिसऱ्या टप्प्याने आकारले जातील. पहिल्या १०० युनिटचा स्वस्त दर आपल्या पंख्या-दिव्यांनी आधीच संपवलेला असतो. तेव्हा बिलामागे छापलेले दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा आणि मग पेट्रोलशी तुलना करा. वापर मोठा असेल तर विद्युत वाहनांसाठीच्या वेगळ्या दरवर्गातील स्वतंत्र जोडणीची चौकशी करावी, मात्र तिचा दरमहाचा स्थिर आकार हिशेबात धरूनच.

प्रश्न : साताऱ्याहून मुंबईला जाताना वाटेत डीसी चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत गाडी भरभर चार्ज होते, पुढे रेंगाळते. असे का? आणि बोरघाटात बॅटरी फार संपते का? (वाचक, सातारा)

पोत्यात धान्य भरताना सुरुवातीला पाटीच्या पाटी ओतता येते. तोंडापाशी आल्यावर मात्र पोते हलवून, दाबून, मुठीमुठीने भरावे लागते. बॅटरी भरत आल्यावर लिथियमच्या आयनांना आत जागा मिळायला वेळ लागतो. जबरदस्ती केली तर बॅटरीची हानी होते, म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी करते. प्रवासात ऐंशी टक्क्यांवर निघणेच शहाणपणाचे, विशेषतः मागे रांग असताना.

घाटाचा हिशेब करून पाहिला. खोपोली ते खंडाळा चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा धरला आणि माणसांसह गाडी १,६०० किलोची धरली, तर केवळ उंची गाठायला साधारण २.४ युनिट लागतात. जाताना आपण हा घाट उतरता, तेव्हा मोटर ब्रेकचे काम करत त्यातला बराच भाग परत मिळवते. येताना तो खर्च पूर्ण पडतो. खरी वीज खाते ती द्रुतगती मार्गावरची घाई. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो.

प्रश्न : कोकणातल्या पावसात उघड्यावर चार्जिंग लावणे धोक्याचे नाही का? (वाचक, रत्नागिरी)

गाडीच्या बाजूला धोका फार कमी आहे. गाडीच्या प्लगमधल्या वरच्या दोन बारीक छिद्रांतून आधी केवळ संकेतांची देवाणघेवाण होते. प्लग घट्ट बसल्याची आणि अर्थिंग असल्याची खात्री पटल्याशिवाय मोठ्या पिनांमध्ये वीज येत नाही. भिंतीवरच्या साध्या सॉकेटला ही अक्कल नसते, त्यात वीज सदैव असते. तेव्हा छप्पर घालायचेच असेल तर ते सॉकेटवर आणि केबलच्या डब्यावर घाला, आणि अंगणात पाणी साचू लागले तर चार्जिंग बंद करून डबा उचलून ठेवा.