काड्यापेटीतला सोनकिडा आणि खिशातले राक्षस

मुलांच्या व्हिडिओ गेमविषयी गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाल्यावर जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रे पोकेमॉन (म्हणजे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’, खिशातले राक्षस) या काल्पनिक प्राणी पकडून जमवण्याच्या जपानी खेळाविषयी आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा नातू पोकेमॉनची शेकडो नावे न अडखळता सांगतो, कोणता प्राणी कोणावर मात करतो हेही त्याला तोंडपाठ आहे. त्याच्या वयाचा असताना मी सोनकिडे पकडून काड्यापेटीत ठेवत असे आणि त्यांना बाभळीचा पाला घालत असे. तो किडा निदान खरा होता. पडद्यावरच्या खोट्या प्राण्यांनी साऱ्या जगातील मुलांना इतके वेड कसे लावले? (एक आजोबा, सांगली)

उत्तर : आजोबा, आपल्या प्रश्नातच त्याचे अर्धे उत्तर आहे, कारण पोकेमॉनचा जन्म एका मुलाच्या किडे पकडण्याच्या छंदातूनच झाला. सातोशी ताजिरी हे या खेळाचे जनक. त्यांचा जन्म 1965 सालचा. टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात त्यांचे बालपण गेले. त्या काळी तेथे भातखाचरे, ओढे आणि झाडी होती. जपानमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत शिंगे असलेले मोठे भुंगे पकडणे हा मुलांचा जुना खेळ आहे, आणि आपल्या कोकणातील नारळाच्या बागांना उपद्रव देणारा गेंडा भुंगा त्यांच्याच गोतावळ्यातील आहे. इतर मुले झाडाच्या सालीला मध लावून भुंग्यांची वाट पाहत. हे भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात असे लहानग्या ताजिरींच्या लक्षात आले होते, म्हणून ते झाडाखाली दगड ठेवून येत आणि सकाळी तो उचलून पाहत. ही युक्ती त्यांनी स्वतः एका मुलाखतीत सांगितली आहे. वर्गातील मुले त्यांना ‘किड्यांचे डॉक्टर’ म्हणत.

पुढे शहर वाढत गेले, खाचरे बुजली, आणि जेथे मासे धरायचे तळे होते तेथे व्हिडिओ गेमचे दुकान उभे राहिले. ताजिरी त्या दुकानात रमले, पण तळ्याला विसरले नाहीत. 1983 साली त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित नियतकालिक सुरू केले. त्यासाठी चित्रे काढायला केन सुगिमोरी आले, आणि 1989 मध्ये त्याच नावाची कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीने ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे छोटे यंत्र बाजारात आणले होते. दोन गेम बॉय एका तारेने जोडता येत. बहुतेकांनी त्या तारेचा उपयोग दोन खेळाडूंची लढत लावण्यापुरताच पाहिला, ताजिरींना मात्र त्या तारेतून एक किडा या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत जाताना दिसला. माझ्या मते या साऱ्या यशाचे मूळ त्या एका दृश्यात आहे, आणि म्हणूनच त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

त्याआधीची एक छोटी गोष्ट यासंदर्भात महत्त्वाची आहे. ताजिरी आणि सुगिमोरी दोघेही ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेम मालिकेतील दुसरा खेळ खेळत होते. त्यातील एक दुर्मीळ टोपी ताजिरींना काही केल्या मिळेना, आणि सुगिमोरींकडे मात्र तशा दोन होत्या. त्यातील एक मला देता आली असती तर, असे ताजिरींना वाटले. आपल्या पिढीतील मुले काड्यापेटीवरचे छाप आणि पोस्टाची तिकिटे जमवत, तेव्हा याच एका अडचणीतून किती मैत्री जुळली असेल, हे आपल्याला सांगायला नको. ताजिरींनी ही अडचण मुद्दाम आपल्या खेळात आणली. पोकेमॉन एकाच वेळी दोन आवृत्त्यांत निघाला, लाल आणि हिरवी. काही प्राणी फक्त लाल आवृत्तीत सापडत, तर काही फक्त हिरवीत. सुरुवातीला तीन प्राण्यांपैकी एकच निवडता येई, आणि काही प्राणी तर दुसऱ्या खेळाडूकडे पाठवल्याशिवाय त्यांच्या शेवटच्या रूपापर्यंत पोहोचतच नसत. थोडक्यात, एकट्या मुलाने कितीही वेळ घालवला तरी संग्रह पुरा होणार नाही अशी त्याची रचनाच होती. मुलाला उठून शेजारच्या मुलाकडे जावेच लागे. दोन वेगळ्या आवृत्त्या काढण्याची सूचना निन्टेंडोच्या ‘मारिओ’ या व्हिडिओ गेमचे जनक शिगेरु मियामोतो यांची होती, असे मानले जाते.

हा खेळ तयार व्हायला सहा वर्षे लागली. मधल्या काळात पैसे संपत आले, काही सहकारी सोडून गेले, आणि त्सुनेकाझु इशिहारा यांच्या ‘क्रीचर्स’ या कंपनीने आधार दिला म्हणून काम तडीस गेले. 27 फेब्रुवारी 1996 रोजी खेळ जपानमध्ये विक्रीला आला तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा जुना झाला होता आणि धंद्यातील लोकांना त्यात फारसा दम उरलेला दिसत नव्हता. परंतु तेच यंत्र असंख्य घरांत आधीपासून पडून होते, स्वस्त होते आणि शाळेच्या दप्तरात मावत होते. पहिल्या दिवसापासून झुंबड उडाली असा समज आहे, तो खरा नाही. विक्री सावकाश सुरू झाली आणि एका मुलाने दुसऱ्याला सांगत सांगत वाढत गेली. ज्या खेळाला जोडीदार लागतोच, त्याची जाहिरात खेळणारेच करतात.

आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. या खेळातील प्राणी लढतात, हरतात, पण मरत नाहीत, ते मूर्च्छित होतात आणि उपचारानंतर पुन्हा उभे राहतात. मुलांच्या मनात खेळ आणि मृत्यू यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून ताजिरींनी हे जाणीवपूर्वक ठरवले होते. नातवाला आपल्या सोनकिड्याची गोष्ट जरूर सांगा. त्याच्या संग्रहात किड्यांसारखे पोकेमॉन पुष्कळ आहेत. ते खऱ्या कोणत्या किड्यांवरून घेतले असावेत, हे त्याला आपल्याबरोबर शोधू द्या.

प्रश्न : ‘म्यू’ नावाचा पोकेमॉन कंपनीला न कळवता खेळात लपवला होता, अशी गोष्ट मित्र सांगतात. ती दंतकथा आहे का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : गोष्ट खरी आहे, आणि पोकेमॉनच्या भरभराटीत तिचा वाटा मोठा आहे. खेळात अधिकृतपणे 150 प्राणी होते. काम संपत आल्यावर चुका शोधण्यासाठी वापरलेला प्रोग्राम काढून टाकण्यात आला, तेव्हा साधारण 300 बाइट जागा मोकळी झाली. आज मोबाइलवर आपण जो लांबसा संदेश पाठवतो, त्यालाही याहून जास्त जागा लागते. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने त्या चिमूटभर जागेत 151वा प्राणी बसवला. चुका तपासून झाल्यावर खेळात काही बदल करणे हे त्यांच्या व्यवसायातील शिस्तीला धरून नव्हते, आणि तो प्राणी खेळणाऱ्यांच्या हाती लागावा असा त्यांचा हेतूही नव्हता.

परंतु प्रोग्राममधील एका दोषामुळे काही मुलांना म्यू अचानक दिसला आणि शाळाशाळांतून त्याची कुजबुज सुरू झाली. तेव्हा ‘कोरोकोरो’ या मुलांच्या मासिकाने एक योजना जाहीर केली की, निवडलेल्या 20 वाचकांना म्यू दिला जाईल. त्यासाठी 78,000 हून अधिक अर्ज आले. आधी जेवढी विक्री महिन्याभरात होत असे, तेवढी त्यानंतर आठवड्यात होऊ लागली, असे इशिहारा यांनी नंतर सांगितले आहे. कोट्यवधी रुपये ओतूनही जाहिरातदारांना जे साधत नाही, ते एका प्रोग्रामरच्या खोडकरपणाने आणि मुलांच्या कुजबुजीने साधले. या प्रसंगाकडे मी केवळ नशीब म्हणून पाहत नाही. अदलाबदलीमुळे मुले आधीच एकमेकांशी जोडली गेली होती, म्हणून तर अफवेला धावायला वाट मिळाली.

प्रश्न : पोकेमॉनचे कार्टून पाहून जपानमध्ये शेकडो मुले रुग्णालयात दाखल झाली होती, असे कळले. माझा मुलगा रोज ते पाहतो. काळजी करावी का? (एक आई, ठाणे)

उत्तर : घटना खरी आहे. कार्टून मालिका 1 एप्रिल 1997 रोजी सुरू झाली होती आणि त्याच वर्षी 16 डिसेंबरच्या संध्याकाळी प्रसारित झालेल्या भागात एका स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटूनपालटून चमकला. त्यानंतर 685 जणांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत बहुसंख्य मुले होती. काहींना अपस्माराचे झटके आले, तर अनेकांना चक्कर, मळमळ, डोकेदुखी असा त्रास झाला. बहुतेक मुले लवकरच बरी झाली. मालिका चार महिने बंद राहिली, तो भाग पुन्हा कधीच दाखवला गेला नाही, आणि जपानमधील दूरचित्रवाणी वाहिन्यांनी चमकत्या प्रकाशासंबंधी नियम ठरवले.

आज जे भाग दाखवले जातात ते त्या नियमांनंतरचे किंवा त्यांनुसार तपासलेले आहेत, त्यामुळे केवळ पोकेमॉन पाहतो म्हणून भिण्याचे कारण नाही. मात्र चमकत्या प्रकाशाने मुलाला पूर्वी कधी झटका आला असेल किंवा डोळे फिरल्यासारखे झाले असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. जपानमध्ये तेव्हापासून अनेक कार्टूनच्या आरंभी एक सूचना येते, ती आपल्या घरीही पाळण्याजोगी आहे : खोलीत उजेड ठेवा आणि पडद्यापासून दूर बसा. या अपघातानंतर मालिका कायमची बंद पडेल असे पुष्कळांना वाटले होते. पण 1998 च्या एप्रिलमध्ये ती परतली आणि प्रेक्षकही परतले.

प्रश्न : पोकेमॉनचे मालक निन्टेंडो आहेत ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : एकटे नाहीत. निन्टेंडो, गेम फ्रीक आणि क्रीचर्स या तिघांचे मिळून हे हक्क आहेत, आणि त्यांनी 1998 साली एकत्र येऊन स्थापन केलेली कंपनी 2000 पासून ‘द पोकेमॉन कंपनी’ या नावाने सारा कारभार पाहते. खेळ, पत्ते, कार्टून, खेळणी हे सारे एकाच धोरणाने चालते ते यामुळे. खेळण्याचे पत्ते 1996 च्या ऑक्टोबरमध्येच आले होते, आणि आजवर 6,000 कोटींहून अधिक पत्ते छापले गेले आहेत. 151 प्राण्यांपासून निघालेली यादी आता 1,000 च्या पुढे गेली आहे.

प्रश्न : आमच्या पिढीने 2003-04 च्या सुमारास टीव्हीवर पोकेमॉन पाहिले आणि चिप्सच्या पाकिटातून निघणारे टॅझो (चित्रांच्या छोट्या चकत्या) जमवले, पण मूळ खेळ आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. आम्ही फक्त सावलीच पाहिली का? (एक वाचक, सध्या वास्तव्य बंगळुरू)

उत्तर : तुमचा अनुभव तुमच्या पिढीतील पुष्कळांचा आहे. जपानमध्ये आधी खेळ आला, मग पत्ते आणि मग कार्टून. अमेरिकेत 1998 च्या सप्टेंबरमध्ये कार्टून आणि खेळ जवळजवळ एकदमच आले. भारतात मात्र गेम बॉय फार थोड्या घरांत होता, त्यामुळे 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर मालिका सुरू झाली तेव्हा बहुतेकांसाठी तेच पहिले पोकेमॉन होते. नायकाचे जपानी नाव सातोशी आहे, जनकाच्याच नावावरून ठेवलेले. आपल्यापर्यंत तो अमेरिकेमार्गे आला, म्हणून अ‍ॅश या नावाने ओळखला गेला.

तरीही तुम्ही केवळ सावली पाहिली, असे मी म्हणणार नाही. मधल्या सुट्टीत तुमच्याकडे दोन असलेला टॅझो देऊन तुमच्याकडे नसलेला मिळवताना तुम्ही जे करत होता, तेच ताजिरींना त्या तारेतून घडवायचे होते. तुमच्याकडे तार नव्हती, इतकाच फरक.

पुढे 2016 च्या जुलैमध्ये ‘पोकेमॉन गो’ आला आणि मोबाइल हातात घेऊन मोठी माणसेही बागांतून, रस्त्यांवरून पोकेमॉन शोधू लागली. भारतात तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे सुरू झाला, आणि 2023 मध्ये त्यात हिंदी भाषा आली, ज्यात शेकडो प्राण्यांना हिंदी नावेही मिळाली. मराठी अजून नाही, याची मला मनापासून खंत वाटते, कारण सोनकिडा, चतुर, टोळ, नाकतोडा असे शब्द असलेल्या आपल्या भाषेला अशी नावे घडवणे मुळीच जड गेले नसते.

या मोबाइल खेळात सुरुवातीची दोन वर्षे प्राण्यांची अदलाबदल करता येत नव्हती. ती सोय 2018 च्या जूनमध्ये आली. इंटरनेटच्या जोरावर जगाच्या कोणत्याही टोकाला प्राणी पाठवणे तेव्हा तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य होते. तरीही अट घालण्यात आली की देणारा आणि घेणारा एकमेकांपासून 100 मीटरच्या आत असले पाहिजेत.