मैफलीचं मिक्सिंग : आधी तंबोरा ऐका

हिवाळ्यातल्या मैफली उरकल्या की पत्रांचा ढीग येतो आणि त्यातली निम्मी पत्रं एकच गोष्ट सांगतात. घरच्या बैठकीचं, पुण्यतिथीच्या कार्यक्रमाचं किंवा देवळातल्या उत्सवाचं रेकॉर्डिंग झालं, मग कुणीतरी ते 'चांगलं करायला' घेतलं, आणि आता ते त्या संध्याकाळसारखं वाटत नाही. वेगवेगळ्या गावांहून आलेले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

गायन, तबला, पेटी असे ट्रॅक वेगळे आहेत. एकेकटे छान वाजतात, पण एकत्र लावले की डग्गा पोकळ होतो. माईक बदलू का? (सांगली)

माईक बदलू नका. तुमचा तबला फक्त तबल्याच्या माईकमध्ये नाही, तो गायकाच्या माईकमध्येही शिरलाय, आणि तिथे तो उशिरा पोचतो. आवाजाला एक मीटर कापायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. तबल्याचा माईक वीतभर अंतरावर आणि गायकाचा दीड मीटरवर असेल तर तोच ठेका दोनदा वाजतो, मधे चार मिलिसेकंदांचा फरक. दोन्ही मिसळले की काही स्वर एकमेकांना मारतात, आणि सगळ्यात आधी डग्ग्याचं गोल अंग जातं.

आधी तबल्याच्या ट्रॅकवर फेज (आवाजाच्या लहरीचा वर-खालीपणा) उलटवायचं बटण दाबून पाहा. ज्या बाजूला डग्गा भरून येतो ती ठेवा. श्रोत्यांच्या बाजूला माईकची जोडी लावली असेल तर ती पाया धरा आणि बाकीचे ट्रॅक तिच्याखाली हळूच, नुसता आधार म्हणून उघडा. पुढच्या वेळी माईक लावतानाच बघा: माईक आणि त्याचं वाद्य यांत जेवढं अंतर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये हवं. एवढं करूनही पोकळपणा उरला तर मूळ ट्रॅक घेऊन एखाद्या अनुभवी रेकॉर्डिस्टकडे जा.

एमपी3 मध्ये रेकॉर्ड केलं तर चालेल का? (नाशिक)

नाही. वेव्ह फाइल, 24 बिट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो दर) 48 किलोहर्ट्झ.

व्हिडिओला रेकॉर्डरचा आवाज जोडला तर बाईंची पट्टी चढल्यासारखी वाटते. तबलावादकाने तबला चढा लावला होता का? (कोल्हापूर)

तबलावादकावर ढकलू नका. 44.1 किलोहर्ट्झची फाइल 48 च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता घातली की ती वेगाने पळते आणि स्वर जवळजवळ दीड पट्टी वर जातो. पेटीच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या बाई पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी ऐकू येतील. फाइलचा सॅम्पल रेट तपासा आणि नीट रूपांतर करून घ्या.

तबला आणि पेटी डावी-उजवीकडे किती सारावीत? (पणजी)

जशी बसली होती तशी, आणि थोडीच. बहुतेक बैठकांत श्रोत्यांना तबला डावीकडे दिसतो, पेटी उजवीकडे, तंबोरे मागे. तबला टोकाला नेलात तर हेडफोनवाल्याच्या एकाच कानावर बोल आदळत राहतील.

बैठकीत पंख्याचा आवाज आला होता. एका ॲपने एका क्लिकमध्ये तो घालवला, पण गाणं आता कोरडं आणि तुटक वाटतं. ॲपची कोणती सेटिंग ठेवावी? (ठाणे)

या प्रश्नाला मी दरवर्षी उत्तर देतो आणि दरवर्षी तो परत येतो, म्हणून जरा सविस्तर.

आवाज साफ करणारी साधी साधनं न बदलणारा, सतत चालणारा आवाज शोधतात आणि वजा करतात. पंखा सतत चालतो. तंबोराही सतत चालतो. नवी 'एआय'वाली ॲप बहुतेक माणसाचं बोलणं वेगळं काढायला तयार केलेली असतात. त्यांच्या लेखी बोलण्याव्यतिरिक्त जे काही, ते कचरा. जाहिरातीत 'स्टुडिओ क्वालिटी' ऐकवतात तेव्हा खुर्चीत बसून बोलणारा माणूस ऐकवतात. विलंबित ख्याल ऐकवलेला मी एकदाही पाहिला नाही.

तंबोऱ्यात काय चाललेलं असतं ते एकदा जवळ बसून ऐका. घोडीवर तारेखाली दोरा असतो. तो केसभर सरकवला की एका जागी तार एकदम उघडते आणि तिच्यातून वरचे स्वर झरायला लागतात. ती जवारी. खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो अगदी बारीक असतो, आणि बाकीच्या आवाजाच्या तळाशी, पंख्याच्या घरघरीच्या शेजारीच राहतो. ॲप पहिला हात तिथेच घालतं.

मागे एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. गायिका आलाप घेत होत्या. आवाज सुरू असेपर्यंत तंबोरा होता. त्या श्वासाला थांबल्या की तंबोरा मिटायचा, मुक्कामाच्या स्वरानंतरची जागा काळीठिक्कर पडायची, आणि पुढची ओळ आली की तंबोरा पुन्हा कुठून तरी उगवायचा. आलापातली ती थांबण्याची जागा रिकामी नसते. लावलेला स्वर तिथे तंबोऱ्यात विरतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात बसतो. मी मूळ फाइल मागितली. डिस्कवर जागा हवी म्हणून ती पुसून टाकली होती. त्या संध्याकाळचं दुसरं रेकॉर्डिंग नाही. हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

म्हणून सेटिंग विचारू नका, क्रम पाळा. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, मगच हात लावा. जवळजवळ प्रत्येक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये 'काढून टाकलेलं तेवढंच ऐकवा' असा पर्याय असतो. तो सुरू करा आणि डोळे मिटून ऐका. त्या कचऱ्यात जवारी झरताना ऐकू आली, तबल्याच्या शाईची आस (मागे घुमत राहणारा नाद) ऐकू आली, तर मागे या. तीन-चार डेसिबलपेक्षा जास्त काढू नका. थोडा पंखा राहिला तर राहू दे. श्रोत्याचा कान दोन मिनिटांत पंखा विसरतो, पण नसलेला तंबोरा त्याला शेवटपर्यंत खटकतो.

विजेची गुणगुण असेल तर ती 50, 100, 150 हर्ट्झवर असते आणि अरुंद काप देऊन, म्हणजे फिल्टरने तेवढाच भाग खाली घेऊन, कमी होते. पण पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज 147 च्या आसपास येतो, 150 च्या अगदी शेजारी. तिथे डोळे झाकून काप दिलात तर षड्जच पातळ कराल. हे काम एकट्याने करू नका. गाणं कळणाऱ्या रेकॉर्डिस्टला, आणि जमल्यास त्या दिवशी तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला शेजारी घेऊन करा.

आणि पुढच्या मैफलीला माईक लावण्याआधी पंखा बंद करा.

दरबारी रागात गंधार एक-दोनदा कमी वाटतो. सॉफ्टवेअरने सुरात आणू का? (इंदूर)

मुळीच नाही. दरबारीचा गंधार आंदोलित, म्हणजे हेलकावत असतो, तो पेटीच्या पट्टीवर बसत नाही. सॉफ्टवेअर त्याला ओढून तिथेच बसवेल आणि मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर सलग घसरत जाणं, पायऱ्या पायऱ्यांनी उतरेल. शंका असेल तर गायकालाच ऐकवा. निर्णय त्यांचा.

यूट्यूबवर आमचं रेकॉर्डिंग इतरांपेक्षा हळू आवाजात वाजतं. एका स्टुडिओने पैसे घेऊन 'मास्टरिंग' करून मोठं करून दिलं, तरी फरक नाही. का? (पुणे)

यूट्यूब उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) वरचं सगळं स्वतःच खाली आणतं. तुमची फाइल उणे 8 पर्यंत ठोकली, तिथे ती पुन्हा खाली आली, आणि मधल्या मधे आलाप आणि द्रुत तानेतला फरक कायमचा सपाट झाला. पैसे त्या सपाटीकरणाचे घेतले.

ख्यालात हळू आवाज हळूच हवा. टाळ्या आणि निवेदन फेडरने (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीने) हाताने खाली घ्या, म्हणजे गाण्याला आपोआप जागा मिळते. गायक माईकपासून मान फिरवतात तिथेही बोटाने दोन डेसिबल द्या. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावायचाच तर 2:1, आणि किती दाबलं ते दाखवणारी सुई तीन डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका. 'वाह' मात्र कापू नका. समेवर आलेली दाद त्या मैफलीचाच भाग आहे.

रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा) किती द्यावा? (छत्रपती संभाजीनगर)

हॉल रेकॉर्ड झाला असेल तर शून्य.

हे सगळं झाल्यावर रेकॉर्डिंग नेटवर टाकू का? कार्यक्रम आमच्याच मंडळाचा होता. (डोंबिवली)

कार्यक्रम मंडळाचा असला तरी सादरीकरणावर कलाकाराचा हक्क असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तो 50 वर्षांचा आहे. गायकाबरोबर तबला आणि पेटीच्या साथीदारांचीही लेखी संमती घ्या. मानधन दिलं म्हणजे परवानगी मिळाली, हे ऐकीव आहे. मजकूर वकिलाकडून तपासून घ्या.

आजोबांनी भरवलेल्या बैठकींच्या पन्नासेक कॅसेट कपाटात आहेत. सवडीने डिजिटल करून मिक्स करायच्या आहेत. सुरुवात कशी करू? (रत्नागिरी)

सवडीने नको. कोकणातल्या हवेत कॅसेटला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसणारी कॅसेट मशीनमध्ये घालूच नका, हेड (टेप वाचणारा भाग) घाण होईल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. बाकीच्यांसाठी जुन्या मशीनचं काम जाणणारा माणूस शोधा. हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला स्क्रूने जुळवावा लागतो. तो चुकला तर तंबोऱ्याचे वरचे स्वर उतरवतानाच जातात आणि नंतर कुठल्याही मिक्सिंगमध्ये परत येत नाहीत. मशीनचा वेगही शंकास्पद असतो, म्हणून गायकाची पट्टी माहीत असलेल्या जुन्या शिष्याला पहिली पाच मिनिटं ऐकवा. मिक्स करण्यासारखं त्यात फार काही नाही, आवाज आधीच एकत्र झालेला आहे. उतरवणं नीट झालं की काम झालं. ते मात्र येत्या पावसाआधी करा.