हसलेले अनारसे

"सण जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि वर सगळे म्हणतात, अगं, एन्जॉय कर ना!"

दसरा झाला की समुपदेशनासाठी माझ्याकडे हे वाक्य घेऊन येणाऱ्या बायका वाढतात. पुरुषही येतात, पण ते 'पित्त झालंय, झोप लागत नाही' इथून सुरुवात करतात आणि तिसऱ्या भेटीत पाहुण्यांवर घसरतात. तक्रार साधारण एकच. सण सगळे पार पडतात, मजा मात्र कुणालाच येत नाही. आणि मुद्दाम मजा आणायला गेलं, की कुणीतरी दुखावतं.

हे वाक्य ज्यांचं, त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं, तपशील थोडे बदलून सांगते. वय पंचेचाळीसच्या आसपास, एका कंपनीत अकाउंट्स सांभाळतात. ऑफिसच्या फेस्टिव्हल कमिटीवर गेली सहा वर्षं त्याच, कारण दुसरं कुणी हात वर करत नाही. घरी नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. पहिल्याच भेटीत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. एक्सेल शीट! भाजणी, चिवडा, चिरोटे, अनारशाचं पीठ, प्रत्येकापुढे तारीख, झालं की रकाना हिरवा. मुलगी त्याला 'आईचं दिवाळी प्रोजेक्ट' म्हणते. दुसरी शीट ऑफिसची. आकाशकंदील, रांगोळी स्पर्धा, पारंपरिक वेश आणि ४.०० ते ४.२० 'फन गेम'.

"त्या वीस मिनिटांत काय असतं?"

"तंबोला. सगळे मोबाइल बघत खेळतात."

मी लगेच सल्ला दिला, की यादी निम्मी करा, फराळ विकत आणा, कमिटी सोडा. पुस्तकी सल्ला होता आणि तो चुकलाच. पुढच्या भेटीत बाई जरा रागातच म्हणाल्या, "अनारसे करायला मला आवडतात हो. तुम्ही मला सुट्टी देऊन टाकलीत, ती मी मागितलीच नव्हती."

खरं होतं. मग मी यादीचा नाद सोडला आणि विचारलं, "लहानपणची कुठली दिवाळी आठवते?"

त्यांना आठवला किल्ला. वाड्याच्या अंगणात भावंडांनी केलेला, अळीव पेरलेला, मावळ्यापेक्षा वाघ मोठा आणि तटाशेजारी प्लास्टिकचं विमान उभं. एका सकाळी पाहतात तर मधल्या बुरुजावर, ओल्या गार मातीत, शेजारचं मांजर पसरलेलं. अर्धा बुरूज खचलेला. धाकटी रडायला लागली. मोठ्या भावानं मात्र पुठ्ठ्यावर लिहून पाटी खोचली, 'येथे खरी वाघनखं पाहायला मिळतील.' आळीतली पोरं रांग लावून बघून गेली. हे सांगताना बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"त्या वर्षी चकल्या कशा झाल्या होत्या?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक!" म्हणाल्या, आणि एकदम गप्प झाल्या.

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. तीन वर्षांपूर्वी ऑफिसच्या दिवाळीत त्यांनीच फिशपाँड ठेवले होते. कॉलेजच्या गॅदरिंगला असतात तसे, निनावी चिठ्ठ्या, माइकवरून वाचायच्या. एका मुलीला लग्न न जमण्यावरून फिशपाँड पडला. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्याशी नंतर बोलायचा धीर बाईंना झाला नाही. तेव्हापासून 'फन' म्हणजे तंबोला. त्यात निदान कुणाला लागत नाही.

दुसरी गोष्ट घरची. नवरा दरवर्षी पाहुण्यांपुढे चकलीची बशी सरकवत म्हणतो, "घ्या घ्या, डेंटिस्टचा नंबर देऊन ठेवतो." पाहुणे हसतात, बाई आत जाऊन गॅस उगाच पुसतात.

या दोन गोष्टी त्यांनी मला वेगवेगळ्या दिवशी सांगितल्या होत्या. मी फक्त शेजारी ठेवल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे ती मुलगी पण घरी जाऊन गॅसच पुसत असेल."

रॉड मार्टिन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. माणसं जोडणारा, कठीण वेळी स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच खाली पाडणारा. मला हे पटतं, पण आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होतं असं मला भोंडला आठवला की वाटतं. पाटावर हत्ती काढून फेर धरायचा आणि गाण्यातल्या वेड्या नवऱ्याला, माहेरी सोडायला तयार नसलेल्या सासूला मनसोक्त हसायचं. तीच सासू कधी कधी फेरात हात धरून उभी असायची! नाव कुणाचंच नाही, म्हणून लागत कुणालाच नाही, आणि वाफ मात्र निघून जायची. वर खिरापत ओळखायचा खेळ. शिमग्याला तर बोंब मारायचीही सोय. सणाच्या थट्टेची जागा ठरलेली होती. फिशपाँडमध्ये तीच थट्टा आपण नावागावासकट केली.

नवऱ्यालाही एकदा बोलावलं. ते नेहमीचं घेऊनच आले. "मी गंमत करतो, ही मनाला लावून घेते." मी वाद घातला नाही. म्हटलं, "यंदा एक घाणा तुम्ही पाडा. चकली बिघडली की विनोद तुमचा, हक्कानं करा." ते हसले, पण बायकोकडे पाहून म्हणाले, "सोऱ्या कुठे असतो गं आपला?" लग्नाला २१ वर्षं झाली होती.

ऑफिससाठी बाईंनीच तोडगा काढला. फिशपाँडऐवजी 'माझा फटाका'. वर्षभरात आपल्या हातून कामात झालेली एक गंमतशीर चूक, ज्याची त्यानं सांगायची. नियम दोनच. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि सुरुवात सगळ्यांत वरच्या साहेबांनी करायची. साहेब चालढकल करत होते. बाई अडून बसल्या. शेवटी त्यांनी सांगितलं, की व्हिडिओ मीटिंगमध्ये आवाज बंद आहे असं समजून ते कुत्र्याला 'बस, बस, गप बस' करत होते आणि समोरचा ग्राहक खरंच बोलायचा थांबला. तंबोला त्या वर्षी राहूनच गेला. मी एक मात्र बाईंना बजावलं होतं. ऑफिसात एक गृहस्थ कायम स्वतःवरच विनोद करून सगळ्यांना हसवायचे. त्यांना पुन्हा पुन्हा उभं करू नका, आणि ज्यांच्या घरी यंदा दुखवटा आहे त्यांना मुळीच आग्रह नको. फिशपाँडवाली मुलगी अजून तिथेच होती. बाईंनी कार्यक्रमाआधी तिच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "कुणी विचारलंच नव्हतं मॅडम." दोघींची मैत्री वगैरे काही झाली नाही.

दिवाळीनंतर बाई आल्या त्या डबा घेऊन. अनारसे. म्हणजे अनारशांचा चुरा.

ज्यांनी केले असतील त्यांना माहीत आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, दमट असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. एवढं करूनही गूळ जरा जास्त झाला, तर तुपात सोडल्या सोडल्या अनारसा विरघळून पसरतो. त्याला आपल्याकडे म्हणतात, अनारसा हसला. यंदा ऐन वसुबारसेच्या रात्री पहिले चार हसले. शेजारच्या शेगडीवर नवऱ्याच्या चकल्या प्रश्नचिन्हासारख्या पडत होत्या, मुलगी फोटो काढत होती. बाईंनी सवयीनं दाराकडे पाहिलं, तर सासूबाई उभ्या. ज्यांचा अनारसा उभ्या आयुष्यात बिघडला नाही अशी घरात ख्याती.

त्यांनी कढईत डोकावून पाहिलं आणि पाटावर बसल्या. म्हणाल्या, "माझ्या पहिल्या दिवाळीत सगळेच्या सगळे हसले होते. सासूबाई देवळातून यायच्या आत गोठ्यात नेऊन गाईपुढे टाकले."

"आणि मग?" मुलीनं विचारलं.

"मग काय. गाईनं तोंड फिरवलं."