इसेकाई म्हणजे परलोक नव्हे

प्रश्न असा आला : ‘‘माझा नववीतला मुलगा अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चलच्चित्र मालिका पाहतो आणि मांगा म्हणजे तिकडच्या चित्रकथा वाचतो. ‘आई, ही इसेकाई आहे’ हे वाक्य घरात रोज ऐकू येतं. हा शब्द मुळात काय आहे? मराठीत त्याला ‘परलोककथा’ म्हटलं तर चालेल का? आणि लिहायचा कसा, इसेकाइ, इसेकाई की आयसेकाय?’’

लिहिण्याचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. ‘इसेकाई’ लिहा. जपानीत या शब्दाच्या चार सारख्या मात्रा आहेत, इ-से-का-इ, आणि शेवटची इ ऱ्हस्व आहे. पण मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो. म्हणून तर तिकडचा ‘हायकु’ इकडे ‘हायकू’ झाला आणि कुणाला खटकला नाही. ‘आयसेकाय’ हा उच्चार रोमन अक्षरं इंग्रजी वळणानं वाचल्यामुळे होतो, तो सोडून द्यावा. ‘शिपाई’, ‘लढाई’ म्हणतो तसंच ‘सेकाई’ म्हणायचं. मराठी जिभेला यात काहीच अवघड नाही.

आता अर्थ. ‘इ’ म्हणजे निराळा, वेगळा, अनोळखी. परदेशाला जपानीत ‘इकोकु’ असा एक शब्द आहे, त्यातला ‘इ’ हाच. ‘सेकाई’ म्हणजे जग. त्यामुळे शब्दशः अर्थ ‘निराळं जग’ इतकाच होतो. आपल्या जगातला एखादा साधा माणूस काही कारणानं अशा निराळ्या जगात जाऊन पडतो आणि तिथे त्याला नव्यानं जगावं लागतं, अशा कथांच्या प्रकाराला हे नाव पडलं. मार्च 2024 मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानंही हा शब्द दाखल करून घेतला.

‘सेकाई’वर मात्र मला थांबायचं आहे. पुण्यात जपानी शिकत होते तेव्हा चौकटीच्या वहीत ‘काई’चं चिन्ह पानभर गिरवलं होतं. वर एक चौकोन, त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ. ते शेताचं चिन्ह. त्याच्याखाली ‘मध्ये असणं’ सुचवणारा भाग. दोन शेतांच्या मध्ये काय असतं? बाईंनी वर्गाला विचारलं आणि शेतकरी घरातली एक मुलगी पटकन म्हणाली, ‘‘बांध!’’ बाईंनी मान डोलावली. ‘काई’ म्हणजे बांध, शीव, हद्द, आणि मग त्या हद्दीच्या आतला सगळा मुलूख. ‘से’ म्हणजे पिढी, काळ. काळ आणि हद्द मिळून ‘सेकाई’, म्हणजे जग. तेव्हापासून ‘इसेकाई’ हा शब्द मला शिवेपलीकडच्या रानासारखा दिसतो.

हा ‘सेकाई’ मुळात चीनमध्ये तयार झाला. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरं होत होती तेव्हा संस्कृतातल्या ‘लोकधातु’ या संज्ञेसाठी भाषांतरकारांनी हा जोडशब्द वापरला. एका लोकधातूत एक अख्खं विश्व सामावलेलं असतं आणि असे लोकधातू असंख्य आहेत, ही बौद्ध कल्पना. ती चीनमार्गे जपानला गेली, तिथे झिजून रोजच्या वापरातला ‘जग’ झाली. म्हणजे तुमचा मुलगा ‘इसेकाई’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाच्या पोटात आपल्याकडून निघालेला ‘लोक’ आहे. मला हे कळलं त्या दिवशी मी दिवसभर ज्याला-त्याला ते सांगत होते.

मग ‘परलोककथा’ का नको? कारण जपानीत परलोकाला स्वतंत्र शब्द आहे आणि तो इसेकाई नाही. ‘आनो यो’ म्हणजे शब्दशः ‘ते जग’, मेल्यावर जायचं ते. ‘कोनो यो’ म्हणजे ‘हे जग’. आपला इहलोक आणि परलोक हीच जोडी आहे ही. इसेकाईतला नायक ‘आनो यो’त जात नाही. तो जिवंत माणसांच्या, बाजारहाट असलेल्या, भूक लागणाऱ्या जगात जातो. मराठीत ‘परलोक’ म्हटलं की निधनवार्ता डोळ्यांसमोर येते. मुलाला ‘परलोककथा पाहतोस का?’ विचारलंत तर त्याला भुताटकीच्या मालिका वाटतील.

आता थोडं खोलात जाऊ, कारण मराठी शब्दाची किल्ली इथे आहे. जपानी वाचक या कथांचे दोन मोठे भाग पाडतात. एक ‘इसेकाई तेन्सेइ’ आणि दुसरा ‘इसेकाई तेन्-इ’. ‘तेन्’ म्हणजे वळणं, पालटणं. शाळा बदलली की ‘तेन्को’, नोकरी बदलली की ‘तेन्शोकु’. त्याच धर्तीवर जन्म बदलला की ‘तेन्सेइ’ आणि जागा बदलली की ‘तेन्-इ’. पहिल्यात माणूस मरतो आणि दुसऱ्या जगात नव्यानं जन्मतो. दुसऱ्यात आहे त्या देहानिशी तिकडे पोचतो. हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. ‘शोसेत्सुका नि नारो’ (अर्थ : ‘चला, कादंबरीकार होऊ या’) नावाचं जपानी संकेतस्थळ 2004 मध्ये सुरू झालं. तिथे कुणीही आपली कादंबरी भागाभागानं टाकू शकतं. अशा कथा तिथे इतक्या झाल्या की 2016 मध्ये तेन्सेइ आणि तेन्-इ यांची क्रमवारी इतर कथांपासून वेगळी काढावी लागली.

‘तेन्’ला मराठीत काय आहे? माझ्या मते ‘अंतर’. स्थलांतर, भाषांतर, नामांतर, धर्मांतर, पक्षांतर, सत्तांतर. हा प्रत्ययासारखा वापरला जाणारा ‘अंतर’ मराठीत आजही पूर्ण जिवंत आहे, रोजच्या वर्तमानपत्रात भेटतो. त्याचे अर्थही दोन आहेत. ‘दुसरी भाषा’ हा एक आणि ‘एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणं’ हा दुसरा. म्हणून तेन्सेइसाठी ‘जन्मांतर’ घ्या. तो शब्द आपल्या संतवाङ्मयापासून चालत आलेला आहे, घडवायची गरजच नाही. आणि तेन्-इसाठी ‘लोकांतर’.

‘लोकांतर’वर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. संस्कृतात ‘लोकांतराला जाणं’ हाही मरणासाठीचा सभ्य शब्दप्रयोग आहे. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजा वसिष्ठांपुढे ‘लोकान्तरसुखं’ म्हणतो तेव्हा त्याला मरणोत्तर सुखच अभिप्रेत आहे. मग परलोक नको आणि लोकांतर चालेल, हे कसं? माझं उत्तर असं की मराठीत ‘परलोक’चा अर्थ घट्ट बसलेला आहे, ‘लोकांतर’चा नाही. आजचा वाचक तो शब्द ‘स्थलांतर’च्या शेजारी ठेवून वाचेल आणि बरोबर अर्थ लावेल. ‘विश्वांतर’ही सुचवला जातो. तो वाईट नाही, पण ‘लोकधातु’तला ‘लोक’ हाताशी असताना मला तो सोडवत नाही.

याच पद्धतीनं पुढे गेलं की एक अडचण येते. रुमिको ताकाहाशी यांच्या 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘इनुयाशा’ या मांगात शाळकरी मुलगी घराजवळच्या देवळातल्या जुन्या विहिरीत ओढली जाते आणि जपानच्याच काही शतकांपूर्वीच्या युद्धकाळात बाहेर पडते. जग तेच, काळ दुसरा. तिथे ‘कालांतर’ म्हणावंसं वाटतं, पण ‘कालांतरानं’ या शब्दानं ती जागा आधीच अडवली आहे. काही कथांत तिकडचे लोक मंत्र म्हणून नायकाला बोलावून घेतात, त्याला ‘शोकान’ म्हणतात. आपल्याकडे पूजेत देवतेचं करतात ते ‘आवाहन’ तिथे चपखल बसतं. एखादी मुलगी डोळे उघडते तर ती एका खेळातल्या खलनायिकेच्या देहात, अशाही कथांची लाट आहे. त्यातल्या काहींना मी बेलाशक ‘परकायाप्रवेश’ म्हणेन.

लोकप्रियतेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शब्द कळायला ती थोडी कळावी लागते. दुसऱ्या जगात जाणं जपानला नवं नाही. कासवाच्या पाठीवर बसून समुद्रतळीच्या महालात गेलेल्या उराशिमा तारो या कोळ्याची कथा फार जुनी आहे. 720 मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या जपानच्या इतिहासग्रंथात तिचा उल्लेख आहे. उराशिमा परत येतो आणि गावात शेकडो वर्षं उलटून गेलेली असतात. परतणं हेच त्या कथेचं दुःख. 1990 च्या दशकातल्या अशा कथांत बहुधा शाळकरी मुली असत, आणि घरी कसं जायचं हा प्रश्न त्यांच्या मनात सतत असे. गेल्या पंधराएक वर्षांतल्या तेन्सेइ कथांत हा प्रश्नच बहुतेक वेळा उरत नाही. परतायला मागे काही ठेवलेलंच नसतं. नायक शाळकरीही नसतो. एक सदतिसाव्या वर्षी भररस्त्यात भोसकला गेलेला नोकरदार आहे, एक चौतिशीतला बेकार आहे, एक बाई कामाच्या अतिरेकानं मेलेली आहे. अतिश्रमानं येणाऱ्या मरणाला ‘कारोशी’ असा वेगळा शब्द ज्या भाषेला घडवावा लागला, त्या भाषेत ‘निराळं जग’ हा शब्द इतका लाडका व्हावा याचं मला नवल वाटत नाही. आपणही थकून ‘आता पुढच्या जन्मीच’ म्हणतोच की. त्यात ती जगं बहुधा 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारख्या व्हिडिओ खेळांच्या नियमांवर चालतात. कष्ट केले की पातळी वाढते आणि ती आकड्यात दिसते. खऱ्या नोकरीत असं दिसत नाही. वाचकाला ते नियम आधीच पाठ असतात, त्यामुळे लेखकाला जग समजावत बसावं लागत नाही आणि गोष्ट पहिल्या पानापासून धावते.

लिंगाचं म्हणाल तर तुमच्या मुलानं आपोआप ‘ही इसेकाई’ केलं आहे, आणि तेच राहू द्या. ‘लाट’ मनात धरून आपण ‘त्सुनामी आली’ म्हणतो, तशी इथे ‘कथा’ किंवा ‘मालिका’ मनात असते. अशा शब्दांचं भाषेत काय होतं हे पाहायचं तर रिक्षाकडे पाहा. ‘जिन्-रिकि-शा’, माणसाच्या बळानं चालणारं वाहन, हा जपानी शब्द. त्यातला ‘जिन्’ म्हणजे माणूस वाटेत गळाला, शब्द स्त्रीलिंगी झाला, त्याला चक्क ‘क्ष’ मिळाला, आणि आज तो परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून प्रकाराचं नाव ‘इसेकाई’च ठेवावं, माझा त्याला काहीच विरोध नाही. ‘लोकांतर’ आणि ‘जन्मांतर’ हवेत ते आतल्या घटनेसाठी, म्हणजे ‘तो इसेकाई झाला’ असलं काहीतरी बोलायची पाळी येऊ नये.

एक गोष्ट मुलाला जरूर दाखवा. ‘तेन्सेइ शितारा सुराइमु दात्ता केन’ हे त्यानं बहुधा पाहिलेलं असेल. 2013 मध्ये संकेतस्थळावर सुरू झालेली कादंबरी, 2018 मध्ये तिची अ‍ॅनिमे मालिका आली. ‘सुराइमु’ म्हणजे स्लाइम, खेळातला तो लिबलिबीत प्राणी. या नावातला ‘शितारा… दात्ता’ हा प्रयोग ‘केलं आणि बघतो तर अमुक निघालं’ असा शोध लागल्याचा अर्थ देतो. इंग्रजीत तो नीट उतरत नाही. मराठीत आपण रोज बोलतो : ‘दार उघडतो तर समोर साप!’ शेवटचा ‘केन’ म्हणजे बाब, प्रकरण. पत्राच्या वर ‘विषय’ लिहून ओळीच्या शेवटी आपण जो ‘बाबत’ लावतो, त्याच्या अगदी जवळचा. तेव्हा मी त्या नावाचं मराठी असं करते : ‘जन्मांतर होऊन पाहतो तर स्लाइम, त्याबाबत’.