पाने लाल, द्राक्षे आंबट

प्रश्न : अंगणातल्या मांडवावर काळ्या द्राक्षांचा वेल आहे. नाशिकच्या पाहुण्यांनी फांदी दिली होती. पाने लालभडक होतात, शिरा मात्र हिरव्याच. घडांना ना रंग, ना गोडी. शेणखत भरपूर घालतो. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, शेणखत थांबवा. आपल्या चिऱ्याच्या, पावसाने धुतलेल्या मातीत मॅग्नेशियम कमी पडले तरी पाने अशीच दिसतात. म्हणून आधी कडा बघा. त्या खाली वळल्या असतील आणि पान जाड होऊन कुरकुरीत मोडत असेल, तर संशय पर्णवलन विषाणूवर.

हा विषाणू साखर वाहणाऱ्या नलिकांतच ठाण मांडतो. पानात तयार झालेली साखर घडापर्यंत नीट पोचत नाही. पानातच पिष्ट साठते, आणि अँथोसायनिन हे रंगद्रव्य पानात वाढते. गंमत बघा, तेच रंगद्रव्य मण्यांच्या सालीत मात्र कमी भरते! साखर कमी, आम्ल जास्त, पिकणे लांबते. पांढऱ्या जातींत पाने लाल होत नाहीत, त्यामुळे रोग लपून राहतो.

फळे खायला हरकत नाही, माणसाला हा विषाणू बाधत नाही. वेलावर औषध मात्र नाही. रोग कलमातून येतो आणि पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी पांढरी कीड तो पसरवते. खोडाची सुटी साल सोलून आत पांढरा कापूस दिसतो का बघा. मुंग्यांची रांग हीही त्या किडीचीच खूण. खात्री प्रयोगशाळेतच होते. तोवर शेजाऱ्यांनी कितीही मागितली तरी फांदी देऊ नका.