डॅलस ते कोलोराडो रोड ट्रिप: ९,४०० डॉलर खर्च करावेत का?

ताई, तुमचं पत्र आणि सोबतची एक्सेल शीट नीट बघितली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे दोघं डॅलसजवळ राहतात, लग्नाला पाच वर्षं झालीत, मिस्टर एच-१बी वर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर आहेत, ताई एच-४ ईएडीवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या कामाच्या परवान्यावर नोकरी करतात, आणि जूनमध्ये १६ दिवस आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन कोलोराडो फिरायचं चाललंय. ग्रेट सँड ड्यून्स, डुरँगो, मेसा व्हर्डे, सिल्व्हरटन, यूरे, ब्लॅक कॅनियन आणि शेवटी एस्टेस पार्कहून रॉकी माउंटन. बजेट ९,४०० डॉलर. सेव्हिंग्जमध्ये २४,००० आहेत, क्रेडिट कार्डावर २४ टक्क्यांनी २,८०० थकलेत, महिन्याचा खर्च पुण्याच्या फ्लॅटचा ईएमआय धरून ४,८०० आणि महिन्याला ७०० च्या आसपास शिल्लक पडते. ताईंना वाटतं मूल होण्याआधी एकदा मोठी ट्रिप करून घ्यावी पण भीतीही वाटते, मिस्टर म्हणतात दोन पगार आहेत, पैसे काय परत जमतील.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जा, नक्की जा. फक्त आरव्ही सोडा, स्वतःची होंडा सीआरव्ही गाडी काढा आणि सगळं ४,३०० मध्ये बसवा.

आता का ते सांगतो. दोन पगार आहेत हे खरं, पण ते दोन्ही एकाच खुंटीला टांगलेत. मिस्टरांची नोकरी गेली तर एच-१बी वाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, किंवा आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) संपेपर्यंत, जे आधी येईल ते. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने पिटिशन, म्हणजे तुमच्या मिस्टरांसाठी व्हिसाचा अर्ज, फाइल केली नाही आणि स्टेटस गेला, तर तुमचा एच-४ जातो आणि त्यावरचं ईएडीही जातं, तुमची स्वतःची नोकरी कितीही छान चालू असली तरी. म्हणजे अमेरिकन सिटिझन जोडप्याला "दोघं कमावतो, तीन महिन्यांचा फंड पुरे" असं म्हणता येतं, तसं तुम्हाला म्हणता येत नाही. २४,००० मधून ९,४०० काढले की राहिले १४,६००, त्यातून कार्डाचे २,८०० वजा करा कारण ते तुमचे नाहीतच, ११,८०० उरले. ते अडीच महिने पुरतात. त्यातले दोन महिने नोकरी शोधण्यात गेले तर उरलेल्या पंधरा दिवसांच्या पैशात अपार्टमेंटचं लीज मोडायचा दंड, दोन वन-वे तिकिटं, सामान पाठवणं आणि मधल्या काळातला कोब्राचा हेल्थ इन्शुरन्स, म्हणजे नोकरी गेल्यावर जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स चालू ठेवायची सोय, ज्यात कंपनी भरायची तो वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, हे सगळं बसवायचं. नाही बसत हो.

म्हणून तुमच्यासाठी मी चार महिन्यांचा खर्च, म्हणजे १९,२००, ही खालची रेघ धरतो, तिच्या खाली ट्रिपसाठीच काय पण कशासाठीच जायचं नाही. आजच २,८०० कार्डावर भरून मोकळं व्हा, महिन्याला ५६ डॉलर नुसतं व्याज जातंय. मग २४,००० मधून हे २,८०० आणि १९,२०० बाजूला ठेवले की २,००० मोकळे राहतात, आणि फेब्रुवारी ते मे चार महिने ७०० टाकले की २,८००. झाले ४,८००. ही तुमची ट्रिपची थैली. मिस्टर जे शून्य टक्केवालं नवीन कार्ड म्हणताहेत ते घेऊ नका, व्याज शून्य असलं तरी हप्ता शून्य नसतो आणि नोकरी थांबली म्हणून तो थांबत नाही.

आता आरव्ही. मला समजतं त्यात काय ओढ आहे, आपलं घर बरोबर घेऊन फिरायचं, आपल्या हातचा चहा करून डोंगरासमोर बसायचं. पण तुमच्या शीटमध्ये भाडं, इन्शुरन्स, मायलेज चार्ज, जनरेटर मिळूनच ४,७०० झालेत, म्हणजे अर्धी ट्रिप त्या गाडीतच गेली. त्यात गॅस, म्हणजे पेट्रोल, कमी धरलाय. एवढी मोठी गाडी गॅलनला १० मैल दिले तर नशीब, घाटात त्याहूनही कमी. २,६०० मैलांना २६० गॅलन, सव्वातीन डॉलरने ८४५. सीआरव्ही ३० चं अ‍ॅव्हरेज देते, तिला तेच २८२ मध्ये होतं. शिवाय राहणं फुकट होतं असंही नाही, वीज-पाण्याच्या हुकअपसाठी टुरिस्ट गावाजवळच्या प्रायव्हेट कॅम्पग्राउंडला रात्रीचे सत्तर-ऐंशी सहज जातात, आणि रॉकी माउंटन पार्कच्या आतल्या कॅम्पग्राउंड्सना हुकअप नाहीतच. आणि एक पैशापलीकडचं, सिल्व्हरटन ते यूरे हा रस्ता, ज्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात, तो रेड माउंटन पासवर ११,०१८ फुटांवर चढतो आणि बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही. आयुष्यात पहिल्यांदा चालवायला घेतलेली पंचवीस-तीस फुटी आरव्ही तिथे नको, त्या दिवशी दोघांपैकी एकालाही खिडकीबाहेर बघता येणार नाही.

सीआरव्हीचा हिशोब मी असा मांडलाय. १५ रात्रींपैकी ७ टेंटमध्ये, तीसच्या दराने २१०, आणि ८ मोटेलमध्ये १८० ने १,४४०. गॅस ३००, खाणं दिवसाला ७० म्हणजे १,१२०, टेंट आणि स्लीपिंग बॅगा ३००, निघण्याआधी ब्रेक-टायर तपासून ऑइल चेंज १५०, डुरँगो-सिल्व्हरटनची नॅरो गेज ट्रेन दोघांची २५०, किरकोळ तिकिटं २०, पार्कचा वर्षाचा पास ८० आणि वर ४०० अडीअडचणीला. ४,२७० होतात. ट्रेन अजिबात कापू नका, बाकी कुठे काटकसर करायची असेल ती करा.

पासचं सांगायलाच हवं. सँड ड्यून्स, मेसा व्हर्डे, ब्लॅक कॅनियन आणि रॉकी माउंटन या चार पार्कांची गाडीची एंट्री वेगवेगळी भरली तर २५, ३०, ३० आणि ३५ मिळून १२० जातात, म्हणून ८० चा अमेरिका द ब्युटिफुल पास घ्या. २०२६ पासून हा दर फक्त इथल्या रहिवाशांना आहे, बाहेरून येणाऱ्यांना २५० पडतात, तेव्हा टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स जवळ असू द्या. रॉकी माउंटनला उन्हाळ्यात टाइम्ड एंट्रीचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत आत जायचं, २ डॉलरचं वेगळं बुकिंग लागतं, आणि मेसा व्हर्डेला क्लिफ पॅलेस, ती कड्याच्या कपारीतली जुनी वस्ती, आतून बघायची तर रेंजरच्या टूरची तिकिटं १४ दिवस आधी सुटतात, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तारखा जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच ठेवा. सँड ड्यून्सच्या पायथ्याशी मेडानो क्रीक तेव्हा वाहत असतो, वाळूच्या डोंगराखाली घोटाभर गार पाणी, महिनाअखेरीस तो आटत जातो आणि डास येतात. आणि चार जुलैच्या आठवड्यात यूरे, एस्टेसची मोटेलं जे भाव लावतात ते १८० च्या हिशोबात बसणार नाहीत. गॅसची टाकी टेक्सास सोडायच्या आधी फुल करा. किराणा अलामोसा, डुरँगो, माँट्रोझच्या वॉलमार्टमधून, आणि छोटा कुकर घरूनच न्या, कारण सिल्व्हरटन ९,३०० फुटांवर आहे, पाणी नव्वद-एक्याण्णव डिग्रीलाच उकळतं, साध्या पातेल्यात भात कच्चा राहतो, डाळीचं तर नावच नको. कुकर आणि खिचडीचं सामान असलं की दिवसाचे ७० डॉलर खरंच पुरतात, नाहीतर टुरिस्ट गावात एका जेवणाला दोघांचे पन्नास गेलेच समजा.

राहिलं तुम्ही आरव्हीसाठी आधीच भरलेलं ५०० डिपॉझिट. ते बुडेल म्हणून उरलेले भरायचे हा विचार मनातून काढा. कॉन्ट्रॅक्टमध्ये कॅन्सलेशनची तारीख बघा, ती गेली नसेल तर आजच ईमेल टाका, गेली असेल तरी ५०० सोडूनही साडेचार हजार वाचतात.

आणि मोटेलं सगळी फ्री कॅन्सलेशनवालीच घ्या, दहा-पंधरा डॉलर जास्त पडले तरी चालतील. मेच्या शेवटी मिस्टरांच्या ऑफिसात लेऑफची (नोकरकपातीची) कुजबुज सुरू झाली तर ट्रिप सप्टेंबरमध्ये ढकला, लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) गर्दीही कमी असते आणि महिनाअखेरीस अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी होतात. तसं झालं तर ४,८०० ला हात लावू नका आणि मला लगेच लिहा.